सिम्युलेशनमध्ये राउटरची लिंक अप येत नाही : तपासायला नेमकी कुठून सुरुवात करायची?

मुठाकाठ
नमस्कार मंडळी. पॅकेट ट्रेसर या सिस्कोच्या नेटवर्क सिम्युलेटरमध्ये तीन राउटरचा त्रिकोण मांडला आहे. तिन्ही २९११, नावं मुळा, मुठा आणि संगम. प्रत्येकात एचडब्ल्यूआयसी-२टी (दोन सिरीयल पोर्टचं) कार्ड बसवलं आहे. १०.१०.०.०/२४ हा एकच ब्लॉक व्हीएलएसएमने, म्हणजे वेगवेगळ्या लांबीच्या मास्कने, तोडायचा आहे.

मुळा–मुठा सिरीयल : १०.१०.०.०/३०
मुठा–संगम सिरीयल : १०.१०.०.४/३०
मुळा–संगम गिगाबिट : १०.१०.०.८/३०
लॅन : संगम १०.१०.०.६४/२६, मुळा १०.१०.०.१२८/२६, मुठा १०.१०.०.१९२/२६

कॉन्फिगरेशन नोटपॅडमध्ये लिहून तिन्ही राउटरवर पेस्ट केलं. प्रत्येक इंटरफेसखाली नो शटडाउन आहे, डीसीई (क्लॉक पुरवणाऱ्या) टोकांना क्लॉक रेट ६४००० दिला आहे. तरी शो आयपी इंटरफेस ब्रीफ असं दाखवतं :

मुळा : गिग ०/० अप/अप, गिग ०/१ डाउन/डाउन, सिरीयल ०/०/० अप/डाउन
मुठा : गिग ०/० अप/अप, सिरीयल ०/०/० अप/डाउन, सिरीयल ०/०/१ डाउन/डाउन

म्हणजे त्रिकोणाची एकही बाजू धड नाही. कोणत्या क्रमाने तपासावं?

(आदेश देवनागरीत लिहिले आहेत, टर्मिनलवर अर्थातच रोमनमध्ये.)

सदाशिव_तीस
क्लॉक रेट पुन्हा बघा. सिरीयलचं दुखणं बहुतेक तिथेच असतं.

वायरवाली
कशालाही हात लावण्याआधी ते दोन शब्द नीट वाचा. पहिला शब्द पहिल्या थराचा, म्हणजे समोरून विद्युत संकेत येतोय का. दुसरा शब्द दुसऱ्या थराचा, म्हणजे त्या संकेतावर दोघांची भाषा जुळतेय का. बहुतेक जण लाल त्रिकोण दिसला की केबल उपटतात आणि चालू असलेलंही घालवून बसतात.

ॲडमिनिस्ट्रेटिव्हली डाउन/डाउन : याच राउटरवर शटडाउन लागू आहे. केबलचा इथे काही संबंध नाही. राउटरचे इंटरफेस मुळात बंद असतात, स्विचचे पोर्ट मुळात चालू, म्हणून स्विचवर सराव केलेले इथे अडकतात.

डाउन/डाउन : या बाजूचं शटडाउन निघालं आहे, पण समोरून काहीच येत नाही. कारणं तीनच धरा : केबल नाही किंवा चुकीची, केबल भलत्याच पोर्टात, किंवा पलीकडचा इंटरफेस बंद. गिगाबिटवर यात एक चौथं मिळवा, दोन्ही टोकांना वेगवेगळा स्पीड ठोकून बसवलेला असणं.

अप/डाउन : संकेत आहे, भाषा जुळत नाही. सिरीयलवर एन्कॅप्सुलेशन (फ्रेम गुंडाळायची पद्धत, एचडीएलसी किंवा पीपीपी) वेगळं, पीपीपीची ओळखपरेड फसलेली, कीपअलाइव्ह (‘मी जिवंत आहे’ असं ठरावीक वेळाने सांगणारे संदेश) एका बाजूने बंद केलेलं, किंवा डीसीईवर क्लॉक नाही.

म्हणजे तुमच्याकडे दोन वेगळे आजार आहेत. मुळा–मुठा हा एक, आणि संगमकडे जाणाऱ्या दोन्ही बाजू हा दुसरा. त्यांना एकच औषध शोधू नका. आणि संगमचं आउटपुट कुठे आहे?

नेटाने
सदाशिव_तीस, क्लॉकबद्दल असहमत. कारण सांगतो. एचडब्ल्यूआयसी-२टीच्या डीसीई टोकावर रनिंग कॉन्फिगमध्ये क्लॉक रेट २०००००० आपोआप दिसतो. शिवाय क्लॉक चुकून डीटीई (क्लॉक घेणाऱ्या) टोकावर दिला तर आयओएस (सिस्को राउटरची कार्यप्रणाली) तिथल्या तिथे सांगतं की हा आदेश फक्त डीसीई इंटरफेसला लागू आहे. शंका असेल तर दोन्ही टोकांना शो कंट्रोलर्स सिरीयल ०/०/० द्या. एकीकडे डीसीई व्ही.३५ आणि क्लॉक रेटचा आकडा दिसला पाहिजे, दुसरीकडे डीटीई व्ही.३५ आणि टीएक्स, आरएक्स क्लॉक डिटेक्टेड. हे दिसलं की क्लॉकचा विषय संपला.

पॅकेट ट्रेसरमध्ये सिरीयल डीसीई केबल निवडून ज्या राउटरवर पहिल्यांदा क्लिक कराल ते टोक डीसीई होतं. केबलवर तिथे घड्याळाचं छोटं चित्र येतं.

पुढची पायरी : मुळा आणि मुठा, दोन्हीकडे शो इंटरफेसेस सिरीयल ०/०/०. एन्कॅप्सुलेशनची ओळ आणि पीपीपी असेल तर एलसीपी (पीपीपीची जोडणीची वाटाघाट) ओपन आहे की क्लोज्ड, एवढं इथे टाका. काही न सांगितल्यास सिस्कोच्या सिरीयलवर एचडीएलसी असतं. एका टोकाला एचडीएलसी आणि दुसऱ्याला पीपीपी, की अप/डाउन ठरलेलं.

सदाशिव_तीस
मान्य, शो कंट्रोलर्सचा मुद्दा पटला. जुन्या मॉड्यूलवर आणि प्रत्यक्ष उपकरणावर मात्र क्लॉक द्यायची सवय ठेवावी असं माझं मत.

हडपसर_गाडी
डाउन/डाउनबद्दल. जोडणी करताना वीज चमकल्याचं चिन्ह असलेली ‘आपोआप’ केबल वापरली आहे का? ती हाताला लागेल त्या मोकळ्या पोर्टात घुसते. तुम्ही पत्ता देता सिरीयल ०/०/० ला आणि केबल बसलेली असते ०/०/१ मध्ये. ऑप्शन्स, प्रेफरन्सेसमध्ये पोर्टची लेबलं कायम दाखवायची खूण करून ठेवा, पडद्यावर थोडी गर्दी होते पण डोळ्यांना लगेच कळतं.

कार्डाची जागाही बघा. एचडब्ल्यूआयसी पहिल्या खाचेत बसवलं तर इंटरफेस सिरीयल ०/०/० आणि ०/०/१, दुसऱ्या खाचेत बसवलं तर ०/१/० आणि ०/१/१. नोटपॅडमधलं कॉन्फिगरेशन एका खाचेसाठी लिहिलेलं आणि कार्ड दुसऱ्या खाचेत, हे फार वेळा होतं. त्यावेळी राउटर इनव्हॅलिड इंटरफेसचा संदेश देतो, पण पेस्टच्या धबधब्यात तो वाहून जातो. आणि खालची आयपी ॲड्रेसची ओळ मग आधीच्याच इंटरफेसला जाऊन चिकटते!

कोथरूडकरीण
कार्डाचा विषय निघालाच आहे तर : कार्ड बसवायला राउटरचं बटण बंद करावं लागतं. बंद केलं की सेव्ह न केलेलं सगळं पुसलं जातं, आणि परत चालू केल्यावर सगळे इंटरफेस पुन्हा शटडाउनमध्ये. कॉन्फिगरेशन आधी आणि कार्ड नंतर असा क्रम झाला असेल तर ‘मी तर नो शटडाउन दिलं होतं’ हे खरं असूनही उपयोगाचं नसतं. आधी सगळी कार्डं, मग केबल, मग कॉन्फिगरेशन, आणि लगेच कॉपी रनिंग-कॉन्फिग स्टार्टअप-कॉन्फिग.

मुठाकाठ
इतक्या लवकर इतके प्रतिसाद, मनापासून आभार. पोर्टची लेबलं सुरू केली, केबल योग्य पोर्टात आहेत. कार्ड पहिल्या खाचेत. शो कंट्रोलर्समध्ये मुळा डीसीई, मुठा डीटीई, क्लॉक दिसतो.

मुळा–मुठा दोन्हीकडे एन्कॅप्सुलेशन पीपीपी, एलसीपी क्लोज्ड. स्वाध्यायात चॅप (पीपीपीची पासवर्ड पडताळणी) मागितलं आहे म्हणून दोन्हीकडे पीपीपी ऑथेंटिकेशन चॅप दिलं. मुळावर युजरनेम मुळा पासवर्ड पर्वती, मुठावर युजरनेम मुठा पासवर्ड पर्वती.

नेटाने
सापडलं. युजरनेममध्ये स्वतःचं नाव लिहायचं नसतं, समोरच्याचं लिहायचं असतं.

चॅपमध्ये मुठा आव्हान पाठवतो आणि त्यात आपलं होस्टनेम घालतो. मुळा आपल्या यादीत ‘मुठा’ शोधतो, त्याच्यापुढचा पासवर्ड घेऊन एमडी५ हॅश काढतो आणि परत पाठवतो. तुमच्या यादीत मुठा नाहीच, फक्त स्वतः मुळा आहे. म्हणून :

मुळावर : नो युजरनेम मुळा, मग युजरनेम मुठा पासवर्ड पर्वती
मुठावर : नो युजरनेम मुठा, मग युजरनेम मुळा पासवर्ड पर्वती

मग एका टोकाला इंटरफेस शटडाउन, नो शटडाउन, म्हणजे वाटाघाटी ताज्या सुरू होतील. होस्टनेम दोन्हीकडे खरंच बदललं आहे ना, तेही बघा. ते अजून ‘राउटर’च असेल तर नाव जुळणार नाही.

पासवर्डच्या शेवटी पेस्टमधून एखादी मोकळी जागा येते आणि आयओएस ती पासवर्डचाच भाग धरतं. दिसत नाही, पण हॅश बदलतो. शंका आली तर ती ओळ हाताने टाइप करा. डीबग पीपीपी ऑथेंटिकेशन लावून बघितलं की नेमकं कोण कोणाला नाकारतंय ते समजतं. काम झालं की अनडीबग ऑल.

मुठाकाठ
मुळा–मुठा अप/अप! पिंगही गेलं. संगमकडच्या दोन्ही बाजू अजून डाउन/डाउन.

डोंगरवाट
थोडं अवांतर, पण याच प्रश्नाची दुसरी बाजू. पॅकेट ट्रेसरमधून जीएनएस३ (खरं आयओएस संगणकावर चालवणारं साधन) कडे जाणाऱ्यांनी हे आधीच समजून घ्यावं, कारण तिथे दुखणं बरोबर उलटं असतं. लिंक अप/अप दिसते आणि पलीकडे कोणीच नसतं.

डायनामिप्सवर (जुन्या सिस्को राउटरच्या हार्डवेअरची नक्कल करणारा प्रोग्राम) ३७२५ किंवा ७२०० चालवा, फास्टइथरनेटला नो शटडाउन द्या, केबल न लावता अप/अप दिसेल. क्यूईएमयू या आभासी यंत्रावर चालणाऱ्या आयओएसव्हीतही पलीकडच्या राउटरने शटडाउन दिलं तर अलीकडच्याला कळत नाही. कारण दोन राउटरमधली ‘केबल’ म्हणजे यजमान संगणकावरची यूडीपी पोर्टची जोडी. पाकिटं पोचवायचं काम ती करते, पण विद्युत संकेत आहे की गेला ही बातमी ती नेत नाही. डायनामिप्सच्या सिरीयलवर एचडीएलसीचं कीपअलाइव्ह दर १० सेकंदांनी जातं, त्यामुळे समोरचा गप्प झाला की साधारण अर्ध्या मिनिटात लाइन प्रोटोकॉल तरी पडतो. इथरनेटवर तेवढाही आधार नाही.

आणि जीएनएस३ च्या पडद्यावरचा हिरवा ठिपका म्हणजे इंटरफेस अप नव्हे. उपकरण चालू आहे, इतकंच तो सांगतो.

वायरवाली
डोंगरवाट, हे फार महत्त्वाचं लिहिलंत. म्हणूनच जीएनएस३ मध्ये लिंक तुटल्यावर ओएसपीएफ हा राउटिंग प्रोटोकॉल लगेच दुसरा रस्ता का धरत नाही हा प्रश्न सारखा येतो. इंटरफेस पडलाच नाही, मग तो डेड टायमर संपेपर्यंत वाट बघतो. हॅलो १० सेकंद, डेड ४०. ईआयजीआरपीत हॅलो ५, होल्ड १५. ‘कन्व्हर्जन्स हळू आहे’ असा निष्कर्ष जर्नलमध्ये लिहू नका, तो सिम्युलेटरचा गुण आहे. लवकर कळायला हवं असेल तर बीएफडी (शेजारी जिवंत आहे का हे झटपट तपासणारा प्रोटोकॉल) लावा. इंटरव्हल ५००, मिन-आरएक्स ५००, मल्टिप्लायर ३ म्हणजे दीड सेकंदात शेजारी मेल्याचं समजतं.

सदाशिव_तीस
मग शिकणाऱ्याने जीएनएस३ वापरूच नये का? लिंक पडलेलीच दिसत नसेल तर ट्रबलशूटिंग शिकणार कसं?

डोंगरवाट
उलट, वापरावंच. तिथे खरं आयओएस चालतं, पॅकेट ट्रेसरमध्ये आयओएसची नक्कल आहे आणि बरेच आदेश त्यात नाहीतच. फक्त अप/अपवर विश्वास टाकायचा नाही. शो सीडीपी नेबर्स द्या (सीडीपी म्हणजे सिस्कोची उपकरणं शेजाऱ्याला आपली ओळख सांगतात तो प्रोटोकॉल). शेजाऱ्याचं नाव आणि त्याचा पोर्ट दिसला तरच दुवा जिवंत समजा. पत्ता, मास्क, राउटिंग काहीही नसताना सीडीपी दुसऱ्या थरावर बोलतं. मात्र होल्डटाइम १८० सेकंद असतो, म्हणून आत्ताच तुटलेल्या लिंकचा शेजारी तीन मिनिटं यादीत रेंगाळतो. तो आकडा उतरत चाललाय की मध्येच परत वर जातोय, त्यावरून ओळखा.

शेजारी दिसतच नसेल तर राउटर सोडून यजमानाकडे वळा. विंडोजची फायरवॉल यूडीपी अडवतेय का, जीएनएस३ ची आवृत्ती आणि जीएनएस३ व्हीएमची आवृत्ती तंतोतंत एक आहे का, उबुंटूवर आपला वापरकर्ता यूब्रिज गटात आहे का.

कात्रज_घाट
ईव्ह-एनजीवाल्यांसाठी (जीएनएस३ सारखंच आणखी एक साधन) : कम्युनिटी आवृत्तीत नोड चालू असताना केबल जोडता येत नाही, नोड बंद करून जोडावी लागते.

हाताने लिनक्स ब्रिज बांधून त्यावर राउटर टांगणाऱ्यांसाठी आणखी एक. साधी पिंग जाते, पण एलएसीपीचा पोर्ट-चॅनल (अनेक केबल एकत्र बांधून केलेला एक दुवा) काही केल्या वर येत नाही. लिनक्स ब्रिज ०१-८०-सी२-००-००-०० ते ०एफ या पत्त्यांच्या फ्रेम सहसा पुढे सोडत नाही. एलएलडीपीसाठी (सीडीपीसारखाच शेजारी ओळखण्याचा प्रोटोकॉल) ग्रुप एफडब्ल्यूडी मास्क १६३८४ करून रस्ता मोकळा होतो. ब्रिजच्या या मास्कमध्ये एलएसीपी, एसटीपी आणि पॉज फ्रेमचे बिट मात्र मूळ कर्नलने राखून ठेवले आहेत, त्यातून ते उघडता येत नाहीत. अशा वेळी चॅनल-ग्रुप मोड ऑन द्या, किंवा मध्ये ब्रिज न ठेवता थेट व्हेथ जोडी (लिनक्समधली दोन टोकांची आभासी केबल) वापरा. व्हेथचा फायदा असा की एक टोक डाउन केलं की दुसऱ्या टोकाला आयपी लिंकमध्ये लोअरलेअरडाउन लिहून येतं. म्हणजे पहिल्या थराची बातमी इथे खरी पोचते.

कोथरूडकरीण
आयओएस-एक्सआर आणि ज्युनिपरच्या जुनॉसमध्ये नो शटडाउन किंवा पत्ता देऊन भागत नाही, कमिट द्यावं लागतं. आयओएसची सवय असलेले हात हमखास विसरतात. व्हीएमएक्समध्ये (ज्युनिपरचा आभासी राउटर) तर एफपीसी (पोर्टांचं कार्ड) ऑनलाइन येईपर्यंत गिगाबिटचे इंटरफेस यादीतच नसतात. शो चॅसी एफपीसी बघून थांबायचं. घाईने टोपॉलॉजी मोडू नका.

लकडी_पूल
इंटरफेसवर पाटी लावा मंडळी, पुण्यात राहून पाटी नाही हे शोभत नाही! डिस्क्रिप्शन आदेशात ‘मुठा सिरीयल ०/०/० कडे’ असं लिहिलं की शो इंटरफेसेस डिस्क्रिप्शनमध्ये कोणती केबल कुठे जायला हवी ते शेजारी स्टेटससकट दिसतं. त्याला सीडीपीची यादी ताडून बघा. पाटी एक सांगते आणि सीडीपी दुसरं, तर केबल चुकली.

हडपसर_गाडी
पाटीची कल्पना उत्तम. पण मूळ प्रश्न राहिला की हो. मुठाकाठ, वायरवालींनी पहिल्याच प्रतिसादात संगमचं आउटपुट मागितलं होतं. दोन वेगवेगळ्या केबल, एक तांब्याची गिगाबिट आणि एक सिरीयल, एकाच वेळी खराब होत नाहीत. दोन्हींचं समान टोक संगम आहे. शो आयपी इंटरफेस ब्रीफ तिथलं टाका.

मुठाकाठ
चुकलंच, आधीच टाकायला हवं होतं. संगम :

गिग ०/० १०.१०.०.६५ अप/अप
गिग ०/१ १०.१०.०.१० ॲडमिनिस्ट्रेटिव्हली डाउन/डाउन
सिरीयल ०/०/० १०.१०.०.६ ॲडमिनिस्ट्रेटिव्हली डाउन/डाउन

पण नोटपॅडमध्ये दोन्हींखाली नो शटडाउन आहे, आत्ता पुन्हा तपासलं. पत्तेही बरोबर दिसतात.

वायरवाली
आता हाताने एकाच इंटरफेसला नो शटडाउन द्या आणि राउटर काय म्हणतो ते वाचा. माझा अंदाज, ओव्हरलॅप.

मुठाकाठ
अगदी तसंच. ‘१०.१०.०.८ ओव्हरलॅप्स विथ गिगाबिटइथरनेट०/०’ आणि खाली ‘इनकरेक्ट आयपी ॲड्रेस असाइनमेंट’.

वायरवाली
मग संगमच्या लॅनचा मास्क चुकला आहे. शो आयपी इंटरफेस ब्रीफ मास्क दाखवत नाही, म्हणून पत्ते बरोबर वाटतात. शो प्रोटोकॉल्स द्या, तिथे १०.१०.०.६५ च्या पुढे /२४ दिसेल. २५५.२५५.२५५.१९२ च्या जागी २५५.२५५.२५५.० गेलं असणार.

झालं असं : गिग ०/० आधी आला आणि /२४ मुळे १०.१०.०.० ते १०.१०.०.२५५ सगळंच आपलं म्हणून बसला. त्यानंतरच्या दोन्ही /३० लिंक त्याच्या पोटात येतात. आयओएस एका राउटरवरच्या दोन चालू इंटरफेसना एकमेकांवर चढणारी नेटवर्क देऊ देत नाही, म्हणून त्याने दोन्ही बंदच ठेवले. इकडे मुळा आणि मुठा यांना समोरून संकेत नाही, म्हणून त्यांच्याकडे डाउन/डाउन. एका मास्कने दोन बाजू पाडल्या.

दुरुस्ती : संगमवर गिग ०/० खाली आयपी ॲड्रेस १०.१०.०.६५ २५५.२५५.२५५.१९२. मग गिग ०/१ आणि सिरीयल ०/०/० यांना पुन्हा नो शटडाउन, ते आपोआप उठणार नाहीत. आधी रनिंग कॉन्फिगमध्ये त्यांचे पत्ते टिकलेत का बघा, नसतील तर परत द्या.

नेटाने
आणि पेस्ट करताना एका वेळी एकाच इंटरफेसच्या तीन-चार ओळी टाका. टक्के चिन्हाने सुरू होणारी प्रत्येक ओळ, म्हणजे राउटरची तक्रार, वाचल्याशिवाय पुढची टाकू नका.

मुठाकाठ
मास्क /२४ च होता. बदलला, दोन्हींना नो शटडाउन दिलं, तिन्ही बाजू अप/अप. सीडीपीत प्रत्येक राउटरला दोन्ही शेजारी दिसतात. सेव्ह केलं आणि पाट्याही लावल्या. सगळ्यांचे खूप आभार.

एकच शंका. मुळाकडून संगमला गिगाबिटवरून पहिली पिंग केली तर पहिला ठिपका आणि मग चार उद्गारचिन्हं. पाचपैकी एक गेलं. लिंकमध्ये अजून काही आहे का?

डोंगरवाट
नाही. पहिल्या पाकिटाच्या वेळी एआरपीने समोरचा मॅक पत्ता शोधला, तोवर ते पाकीट वेळेत परतलं नाही. दुसऱ्यांदा पिंग करा, पाचही येतील. सिरीयलवर एआरपी नसतं, तिथे पहिल्या फटक्यात पाच मिळतात.

कोथरूडकरीण
लॅनच्या बाजूला स्विचचा दिवा नारिंगी दिसला तरी घाबरू नका. स्पॅनिंग ट्रीचे लिसनिंग १५ आणि लर्निंग १५ असे ३० सेकंद जाऊ द्या. आणि संगमच्या लॅनमधल्या पीसींवरही मास्क २५५.२५५.२५५.० च लिहिलेला असेल, तोही बदला. नाहीतर ते मुळा आणि मुठाच्या लॅनला आपल्याच गल्लीत समजून गेटवेकडे न जाता एआरपी करत बसतील.

मुठाकाठ
होता! तिन्ही पीसींवर बदलला.